आबिदा अडखळते तेव्हा

आबिदा पठाण मोठ्यानं वाचायला लागली की ऐकणाऱ्याला आधी घाई सुटते. अवघड शब्द समोर आला की ती थांबते, चष्मा वर सरकवते, दम घेते आणि मग एकदम उडी मारून पलीकडे जाते. "तिच्या" म्हणून झाल्यावर "हृदयात" येईपर्यंत एवढी शांतता पसरते, की त्या हृदयात प्रेम उठणार आहे की कळ, याचा अंदाज बांधून होतो. पहिल्यांदा ऐकणारा माणूस हात पुढं करतो, आणा इकडे, मी वाचतो. आबिदा पुस्तक सोडत नाही. हसते आणि पुढचं वाक्य धरते.

सिडकोतल्या तिच्या घराच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन आहे. साडीला फॉल-पिको, ब्लाउजला हूक, परकराला नाडी, असली कामं ती वर्षानुवर्षं करत आलीय. माहेर चांदवडकडचं. शिक्षण उर्दू शाळेत चौथीपर्यंत, त्यामुळे मराठी बोलायला फर्डी आणि वाचायला पाटी कोरी. लेक आयशा मराठी शाळेत पहिलीला गेली, तेव्हा तिचा अभ्यास घेणार कोण, असा प्रश्न पडला. नवरा अकबर कंपनीतून यायचा तो थकून. मग आबिदाच लेकीच्या शेजारी मांडी ठोकून बसली आणि तिच्याबरोबर अक्षरं गिरवायला लागली. आयशा पहिलीतून दुसरीत गेली, दुसरीतून थेट फार्मसीला गेली, लग्न होऊन सिन्नरला नांदायलाही गेली. आबिदा मात्र कादंबऱ्यांत शिरली ती बाहेर आलीच नाही. आणि कादंबऱ्याही कुठल्या, तर लायब्ररीवाला ज्यांना 'चालणारी' म्हणतो त्या. दोन भाऊ, एक बंगला, एक पळून गेलेली बाई. तिला त्यात कसली लाज नव्हती, आणि का असावी?

योगिनी वाघचौरे क्लासमध्ये गणित शिकवते. ती एकदा साड्या टाकायला आली, तर मशीनवर कादंबरी उघडी आणि पानांत खूण म्हणून खडूचा तुकडा. योगिनीनं तिथल्या तिथं आमंत्रण दिलं. गल्लीतल्या आणि आसपासच्या बायकांचा वाचन क्लब होता, महिन्याला एक कादंबरी, पहिल्या रविवारी बैठक. आबिदा म्हणाली, माझं वाचणं बैलगाडीचं आहे. योगिनी म्हणाली, महिनाभर वेळ आहे, गाडी पोचेल.

या क्लबाचा एक रिवाज होता, आणि तो योगिनीनं मोठ्या त्राग्यानं घालून दिलेला. सुरुवातीला निम्म्या बायका पुस्तक न वाचताच यायच्या आणि दुसऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टीवर 'छान होती, छान होती' करत चिवडा संपवायच्या. तेव्हा तिनं नियम केला: बैठक जिच्या घरी, तिनं सगळ्यांसमोर पुस्तकाचं शेवटचं पान मोठ्यानं वाचायचं. चर्चा त्यानंतर. ज्यांचं वाचून झालं नसेल त्यांचा शेवट फुटला तर फुटला, रडारड चालणार नाही. गणिताची बाई ती, तिच्या नियमाला अपवाद नव्हता.

क्लबातली सगळ्यात थोरली म्हणजे आबिदाच्या समोरच्या घरातली पुतळाबाई. निफाडकडची. आयुष्य द्राक्षाच्या बागेत गेलं, पण दुपारी बांधावर बसून भाकरी खाताना हातात कादंबरी असायचीच. नवरा गेल्यावर मुलगा संतोष तिला शहरात घेऊन आला. इथं आल्यावर साखरेनं तिचे डोळे खाल्ले. माणसाची आकृती दिसायची, दार दिसायचं, अक्षर मात्र दिसेना. जन्मभर वाचणाऱ्या बाईचं हे असं व्हावं, याचा आबिदाला फार राग यायचा. कोणावर काढायचा हे कळत नव्हतं, म्हणून ती मशीनवर काढायची.

पुतळाबाईला वाचून दाखवायचे प्रयत्न सगळ्यांनी केले. योगिनी वाचायची, पण बातम्या दिल्यासारखी. सून निकिता वाचायची, पण तिला नोकरी, मुलं, कुकरच्या शिट्ट्या. संतोषनं फोनवर बोलणारी पुस्तकं लावून दिली. पुतळाबाईनं थोडा वेळ ऐकलं आणि फोन उशीखाली सारला. तो माणूस कुणाशी बोलतोय तेच कळत नाय, म्हणाली.

मग दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून आबिदा पुस्तक घेऊन समोर गेली. ती अडखळत वाचणार आणि पुतळाबाई हातानं चाचपत लसूण सोलणार. पहिल्याच दिवशी आबिदा ओशाळून म्हणाली, मावशी, तुम्हाला कंटाळा येईल. पुतळाबाई म्हणाली, येईल तेव्हा सांगीन. तो दिवस काही आला नाही. उलट आबिदा थांबली की पुतळाबाईच्या हातातली पाकळीही थांबायची, आणि शब्द आला की दोघी एकदम पुढं निघायच्या. दोघींचा एक करार होता: पुढचं पान चोरून वाचायचं नाही. जे व्हायचं ते दोघींना एकाच वेळी कळायला हवं. आबिदानं तो इमानानं पाळला. घरी पुस्तक नेलं तरी खडूच्या पुढं जायची नाही, मग जीव कितीही वरखाली होवो.

त्या वर्षी दिवाळीनंतर पुतळाबाईला धाप लागायला लागली. जिना चढवेना, मग अंगणसुद्धा ओलांडवेना. हृदयाची एक झडप निकामी झालीय, ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. करा, नाहीतर उन्हाळा निघणं अवघड, हे त्यांनी संतोषला बाजूला घेऊन सांगितलं. पुतळाबाई अडून बसली. छाती फाडायची नाही म्हणजे नाही. संतोषनं समजावलं, निकितानं समजावलं, निफाडहून दीर येऊन गेले. शेवटी एकदाची ती हो म्हणाली, पण ते हो असं, की कोणी जोरात शिंकलं तरी नाही होईल. पुढच्या महिनाअखेरची तारीख ठरली. घरात सगळे दबक्या पावलांनी वावरायला लागले.

आणि नेमकी चालू महिन्यातली कादंबरी अशी निघाली. नाव सांगत नाही, कुणाचा शेवट फोडल्याचं पाप नको. कोकणात हॉटेल चालवणारी देविका नावाची देखणी बाई, तिच्या मागं दोन पुरुष, एक भला आणि एक त्याहून देखणा. पुतळाबाईला देविका लय आवडली. पण दोन तृतीयांश पुस्तक झाल्यावर देविकेच्या हृदयात दोष निघाला. पुस्तक बदलूया का, असं आबिदानं आडून विचारून पाहिलं. पुतळाबाई म्हणाली, आता कुठं रंगात आलंय, वाच.

शेवटच्या प्रकरणात देविका ऑपरेशनला आत गेली. दोन्ही पुरुष बाहेर बाकावर. आबिदा वाचत होती आणि डोळे कधी नव्हे ते दोन ओळी पुढं धावले. 'डॉक्टर बाहेर आले. त्यांनी मान खाली घातली होती.' तिला दिसलं. समोर पुतळाबाई, मांडीवर लसणाचं ताट, हात थांबलेले, मान किंचित पुढं. आबिदानं चष्मा वर सरकवला आणि वाचलं, "डॉक्टर बाहेर आले. ते हसत होते."

तिथून पुढं पुस्तकात काय होतं ते राहिलं बाजूला. आबिदानं देविकेला शुद्धीवर आणलं, भल्या माणसाचा हात धरायला लावला, दुसऱ्याला मोठ्या मनानं निघून जायला लावलं आणि शेवटी देविकेला गवती चहा प्यावासा वाटला असं सांगून पुस्तक मिटलं. पुतळाबाईनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, चहा मागितला का, बरं झालं. आबिदा घरी आली तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला होता. एवढी मोठी थाप तिनं उभ्या जन्मात मारली नव्हती, आणि वाईट याचं वाटलं की तिला त्यात मजाही आली होती.

संध्याकाळी भाकरी थापताना तिला आठवलं, की येत्या रविवारची बैठक पुतळाबाईच्या घरी आहे. आणि शेवटचं पान. तवा तसाच ठेवून ती योगिनीकडे धावली.

योगिनीनं ऐकून कपाळाला हात लावला. आधी रागावली, मग म्हणाली, मीसुद्धा तेच केलं असतं आणि तुझ्याइतकं चांगलं जमलं नसतं. मग या गणिताच्या बाईनं आपला नियम स्वतःच मोडायचं ठरवलं. पुतळाबाईला सोडून सगळ्यांना निरोप गेले: देविका जगली, चहा प्याली, जी कोणी दुसरं बोलेल तिला पुढच्या महिन्यात चिवडा नाही. संतोषलाही सांगावं लागलं. तो बिचारा गल्लीतच आबिदासमोर हात जोडून उभा राहिला. म्हणाला, काकू, आईचं मन आता फिरलं तर पुन्हा नाही वळायचं. तुम्ही जे सांगितलंय तेच राहू द्या.

त्या आठवड्यात आबिदा रोज समोर जायची, पण पुस्तक नव्हतं, म्हणून नुसत्या गप्पा. पुतळाबाई कमी बोलायची. ऑपरेशनच्या भीतीनं असेल, असं आबिदानं स्वतःला समजावलं. लसूण मात्र ती सोलत नव्हती, ताट नुसतं मांडीवर असायचं.

रविवारी सगळ्या जमल्या. नऊवारीचा पदर सावरत पुतळाबाई पलंगावर बसली. बायकांनी देविकेच्या साड्यांबद्दल बोलून घेतलं, कोकणाबद्दल बोलून घेतलं, त्या देखण्या पुरुषाला मनसोक्त शिव्या घातल्या. शेवटाजवळ कोणी फिरकेना. खोटं बोलायची सवय नसलेल्या बायका एकत्र बसल्या की खोली किती गरम होते, हे आबिदाला त्या दिवशी कळलं. योगिनीनं घसा खाकरून जाहीर केलं, की यजमानीण आजारी असल्यामुळे आज शेवटच्या पानाला सुट्टी.

"असं कसं?" पुतळाबाई म्हणाली. "माझ्या घरी बैठक हाय. मला दिसत नाय, तर माझ्या वतीनं आबिदा वाचंल."

पुस्तक हातोहात आबिदाकडे आलं. तिनं शेवटचं पान उघडलं. स्वयंपाकघराच्या दारात संतोष उभा होता, पोह्यांची थाळी धरून, आणि त्याची नजर तिच्या तोंडावर. आबिदानं वाचायला सुरुवात केली. डॉक्टर हसत होते. देविकेनं डोळे उघडले. भला माणूस पुढं आला. एक वाक्य, दुसरं वाक्य, तिसरं. तिसऱ्यावर पुतळाबाईनं हात पुढं केला, चाचपत पुस्तक शोधलं आणि पानावर तळवा ठेवला.

"अडखळ गं," ती म्हणाली. "तू वाचतीस तेव्हा अडखळतीस. मनचं सांगतीस तेव्हा पळतीस. त्या दिवशी पण अशीच पळाली होतीस."

आबिदाचे कान तापले. पुतळाबाईचा हात अजून पानावर होता, त्याखाली खरी अक्षरं. तिनं संतोषकडे बघितलं, तर तो मान हलवून नको नको म्हणत होता. तिनं समोर बघितलं. पुतळाबाईचे ते धुरकटलेले डोळे तिच्या चेहऱ्याच्या थोडे बाजूला, पण तिच्याचसाठी थांबलेले. आबिदानं तो हात हलकेच उचलून आपल्या गुडघ्यावर ठेवला, चष्मा वर सरकवला आणि पानाच्या वरच्या ओळीपासून, जसं छापलं होतं तसं वाचलं. मान खाली घातलेले डॉक्टर. बाकावरून उठलेले दोन पुरुष. पांढरी चादर. प्रत्येक अवघड शब्दाशी ती थांबली, आणि या खेपेस कोणाला घाई सुटली नाही. शेवटच्या ओळीला तिचा आवाज फुटला, तरी ती ओळ तिनं पुरी केली.

"मेली व्हय," पुतळाबाई म्हणाली.

संतोष थाळी ठेवून पुढं आला. आई, ती नुसती गोष्ट आहे, असं काहीतरी बोलायला लागला. पुतळाबाईनं हातानंच त्याला थांबवलं.

"सगळे मला गोड गोड सांगत्यात. डॉक्टर बी, तू बी, निकिता बी. एक हीच होती, जसं छापलंय तसं वाचणारी. मग त्या दिवशी ही बी गोड सांगाया लागली. तेव्हा मला वाटलं, हिला बी कायतरी ठावं झालंय. म्हंजे आपलं काय आता खरं नाय. नाय जायचं म्हणून ठरवून बसले होते मी. आज सगळ्या गेल्यावर निकिताला सांगणार होते."

आबिदाला रडू फुटलं. ज्या भीतीनं तिनं देविकेला जगवलं, तेच तिच्या जगवण्यामुळे होणार होतं. मावशी, मला काही माहीत नाही, देवाशपथ, तुम्ही घाबराल म्हणून बदललं, एवढंच तिला कसंबसं बोलता आलं. पुतळाबाईनं तिच्या गुडघ्यावर थोपटलं, मूल निजवताना थोपटतात तसं.

"आता नीट वाचलंस. आता जाते. आन् त्या देविकेला लिहिणाऱ्यानं मारलं. माझ्या डॉक्टरला कादंबऱ्या लिहायला येळ नाय."

तेव्हा कुठं बायका हसल्या, आणि हसता हसता दोघी-तिघींनी डोळे पुसले. संतोषनं पोहे वाढले. योगिनीनं पुढच्या महिन्याची कादंबरी तिथंच काढून आबिदाच्या हातात दिली आणि मुद्दाम पातळ निवडलीय असं सांगितलं. पुतळाबाईनं ती हातात घेऊन तिचं वजन पाहिलं. ऑपरेशनच्या आधी बहुतेक होईल, म्हणाली, पण शेवटचं प्रकरण ठेव. ते मी परत आल्यावर.

तसंच केलं. ही गोष्ट होती लहानपणी हरवलेल्या बहिणीला शोधणाऱ्या एका बसकंडक्टर बाईची. दुपारमागून दुपार आबिदा अडखळत राहिली आणि लसूण सोलला जाऊ लागला. शेवटच्या प्रकरणाशी तिनं खडूचा तुकडा ठेवला. दुसऱ्या दिवशी संतोष रिक्षा घेऊन आला.

ऑपरेशन झालं, पण पुतळाबाई लवकर शुद्धीवर येईना. डॉक्टर म्हणत होते, थांबा, वय आहे, वेळ लागेल. आबिदानं दुकानाला कुलूप घातलं. घरातलं माणूस नाही म्हणून तिला आत सोडत नव्हते, म्हणून ती आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर बसायची, अकबरनं आणलेला डबा शेजारी न उघडलेला. निकिता येऊन जाऊन होती, संतोष फोनवर. आबिदाच्या पिशवीत पुस्तक होतं. त्यातून पुढं आलेलं खडूचं टोक तिला दिसत होतं.

पुतळाबाई घरी आली तेव्हा उन्हं कडक झाली होती. ती वाळली होती, पण आवाज तोच. पहिले काही दिवस माणसांची रीघ. ती ओसरल्यावर एका दुपारी तिनं निकिताकरवी समोर निरोप धाडला, की कंडक्टरीणबाईचं पुढं काय झालं ते ऐकायचंय.

आबिदा आली. पलंगाशी बसली. पुस्तक उघडलं, खडू काढून ठेवला आणि वाचायला लागली. बस मनमाडच्या स्टँडात शिरते, गर्दीत एक बाई पाठमोरी उभी असते, कंडक्टरीण तिला हाक मारते, ती वळते, ती तीच असते. दोघी बहिणी स्टँडावरच गळ्यात पडतात आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहतो. आबिदानं पुस्तक मिटलं. सगळं सरळ, सपाट, कुठंही न थांबता.

पुतळाबाईचा चेहरा उतरला.

"परत मनचं सांगितलंस ना?" ती म्हणाली. "एकदा बी अडखळली नाहीस."

"नाही मावशी. असंच छापलंय. वाटल्यास योगिनीताईंना विचारा."

"मग पळालीस कशी?"

आबिदानं मान खाली घातली. करार मोडल्याचं सांगायचं होतं, आणि त्याहून मोठंही काही.

"पाठ झालंय. तुम्ही आत होतात ना, तेव्हा बाहेर बसून हेच वाचत होते. आधी नुसतं बघायचं होतं, हिला बहीण भेटते का. नसती भेटली तर पुस्तक तुमच्यापर्यंत आणलंच नसतं. भेटली. मग परत वाचलं. संपलं की परत."

छातीवरच्या टाक्यांवर पुतळाबाईनं सवयीनं हात ठेवला. बाहेर भाजीवाला ओरडत गेला.

"आन् मी उठलेच नसते तर?"

"तर अजून वाचत बसले असते."

पुतळाबाईनं तोंड भिंतीकडे केलं आणि पदरानं डोळे पुसले. मग जपून, कुशीला हात लावत, ती पलंगावर थोडी आत सरकली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर थोपटलं.

"वर बस," ती म्हणाली. "आन् पहिल्या पानापासून वाच."